सातही दुकानं दाखवण्याबाबत

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात खुर्चीत ताठ बसूनच घालतो आहे. कंबर धरली आहे, आणि साष्टांग घालायला आडवा झालो तर पुढचं पत्र दुसऱ्या कोणाला तरी लिहावं लागेल.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे मागच्या पत्रात राहून गेलं होतं, ते कळवावं. वहिनी गेल्यापासून तुम्ही एवढ्या मोठ्या घरात एकटे आहात, पण 'वेळ उत्तम जातो' असं तुम्ही दर पत्रात लिहिता, त्यामुळे आम्ही निश्चिंत असतो. इकडे आम्ही दोघंही मजेत आहोत. तुमची बहीण माझ्यापेक्षा कांकणभर जास्तच मजेत आहे, कारण धरलेली कंबर माझी आहे आणि 'वाकू नका म्हटलं होतं' हे म्हणायची सोय तिची झाली आहे.

तुमचं पत्र मिळालं. बारा तारखेला चार दिवसांसाठी येताय हे वाचून अतिशय आनंद झाला आणि पुढच्या ओळीने तो जिथल्या तिथे बसवला. तुम्ही लिहिलंय, 'या खेपेस सातही दुकानं नजरेखालून घालावीत असा मानस आहे. रोज दोन याप्रमाणे, शेवटच्या दिवशी एक.' जन्मभर दुकानदारांची वजनमापं तपासलेल्या माणसाचं वेळापत्रक ते, त्यात पळवाट कुठली असणार? तेव्हा आता स्पष्टच लिहितो. दादा, सात दुकानं नाहीत. होती, पण आता नाहीत. एक आहे. बाकीची सहा गेल्या दहा-बारा वर्षांत एकेक करून बंद झाली आणि मी ते तुम्हाला कळवलं नाही. (फोनवर कधीतरी सांगून टाकलं असतं, पण तुम्हाला फोनवरचं नीट ऐकू येत नाही, आणि लेखी नसलेल्या गोष्टीवर तुमचा विश्वास नाही.) हे वाचून तुम्ही पत्र घडी करून ठेवाल आणि मी तुमच्या मनातून कायमचा उतरेन, ही भीती घेऊनच पुढचं लिहितो आहे. निदान पूर्ण वाचा, मग उतरवा.

सुरुवात तुम्हाला माहीत आहे, कारण त्या सुरुवातीमुळेच तुम्ही माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हतात. पाणीपट्टीच्या ऑफिसातली कायमची नोकरी सोडून कोणी घराच्या पुढच्या खोलीत सिनेमाच्या कॅसेट भाड्याने द्यायचं दुकान काढतं का, असं तुम्ही विचारलं होतंत. मला नाही, हिला. मी शेजारीच बसलो होतो. तर ते दुकान मी काढलं. नव्वद कॅसेट, बंद पडलेल्या वाचनालयाचं लोखंडी कपाट आणि दारावर 'घरबसल्या' अशी पाटी. (पाटी रंगवणाऱ्याने खाली स्वतःच्या मनाने फुलं काढली होती. ती बघून पहिल्या महिन्यात तीन माणसं हार विकत घ्यायला आली. कॅसेटसाठी दोनच.)

दुकान चाललं ते ज्या गोष्टीमुळे, ती मात्र मी तुम्हाला कधी नीट सांगितली नाही, कारण तिच्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. वरच्या गल्लीतल्या मुख्याध्यापिकाबाई एकदा एक कॅसेट हातात घेऊन उभ्या राहिल्या. बाईंना रक्तदाबाचा त्रास. कॅसेटच्या वेष्टनावर एक कुत्रा होता. त्यांनी विचारलं, "याचं शेवटी काय होतं हो?" मी लगेच म्हणालो, तेच तर पाहायचं असतं, तीच तर गंमत. बाईंनी कॅसेट परत ठेवली. एवढ्यात आतून भाजी निवडत बसलेली तुमची बहीण म्हणाली, "कुत्रा जगतो. म्हातारा जातो, पण झोपेत जातो, त्रास नाही." बाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. दोन कॅसेट घेऊन गेल्या. आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार शिक्षिका आल्या. त्या मला नाही, हिला शोधत होत्या.

त्या दिवसापासून ही प्रत्येक सिनेमा आधी स्वतः बघायची आणि त्याचा शेवट एका चिठ्ठीवर लिहून कॅसेटच्या डबीत झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. तुम्ही म्हणाल, शेवट सांगितल्यावर सिनेमा कोण बघेल? मीही हेच म्हणालो होतो आणि तिनेही ते ऐकून घेतलं होतं. दादा, लोक तुटून पडले! आमच्याकडची कॅसेट म्हणजे कशी, निर्धास्त बघायची. चिठ्ठ्याही काय एकेक. 'दोघांचं लग्न होतं, पण पुढे पटेल असं वाटत नाही.' 'खुनी माळी आहे. पहिल्यापासून त्याच्याकडे लक्ष ठेवा, काम छान केलंय.' 'पाऊण तासाने गावाला आग लागते, तेव्हा मुलांना पाणी आणायला पाठवा, सावकाश आणलं तरी चालेल.' एकावर तर नुसतं 'बघू नका' एवढंच होतं, आणि ती कॅसेट दोन वर्षांत एक दिवस कपाटात राहिली नाही. चौकात दुसरं एक मोठं दुकान निघालं होतं, काचेचं दार, गार हवा. तिथे कोणी शेवट विचारला की मालक डोळे मिचकावायचा. वर्षभरात तो डोळे मिचकावत गावाबाहेर गेला.

मग बसथांब्याजवळ दुसरं, शाळेच्या उतारावर तिसरं आणि दवाखान्यासमोर चौथं दुकान निघालं. चौथ्याच्या उद्घाटनाला तुम्ही आला होतात. तुम्ही दार उघडून-बंद करून पाहिलंत, फळीवरून बोट फिरवून ते उजेडात धरलंत, एक डबी उघडून तुमच्या बहिणीची चिठ्ठी चष्मा वर करून वाचलीत आणि मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "बरं चाललंय." दादा, तुम्हाला हे आठवतही नसेल. मला त्या वेळी तुमच्या अंगावर कोणता कोट होता तेही आठवतं. माझे वडील लवकर गेले, थोरला भाऊ नाही, शाबासकी देणारं असं कोणी घरात नव्हतंच. तुमच्या त्या दोन शब्दांवर मी किती वर्षं काढली ते मलाच माहीत. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि आताही कंबरदुखीवरच्या गोळीमुळेच लिहून गेलो असं समजावं.

आता ऱ्हासाकडे येतो. 'बरं चाललंय' ऐकून मी हवेत गेलो आणि बेकरीशेजारी पाचवं, पुलापलीकडे सहावं आणि नव्या वसाहतीत सातवं अशी दुकानं मांडत सुटलो. सात दुकानं म्हणजे एका सिनेमाच्या सात चिठ्ठ्या. ही कार्बन कागद घालून लिहायची. सात प्रती उमटायच्या म्हणजे पेन असं दाबावं लागे की टेबलावरच्या लाकडात अजून शेवट वाचता येतात. (त्या टेबलावर कणीक मळू नये असं मी सुचवलं होतं. कालच एका पोळीवर 'अखेर निर्दोष सुटतो' असं उलटं उमटलेलं होतं, असं मी तिला चिडवतो.) शेवटी व्हायचं तेच झालं. मनगट सुजलं. डॉक्टरांनी दोन महिने पेन हातात धरायचं नाही म्हणून सांगितलं. आणि चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

दादा, मी वाईट माणूस नाही. पण माझ्याने कोणाला वाईट सांगवत नाही. सिनेमा मी पूर्ण बघायचो, प्रामाणिकपणे रडायचोही, आणि चिठ्ठी लिहायला बसलो की डोळ्यांसमोर ती घेऊन जाणारी माणसं यायची. दिवसभर काम करून बिचारी घरी जाणार, हातपाय धुऊन सिनेमा लावणार, डबी उघडून बघतात तर 'नायक मरतो'? हे आपण कसं लिहायचं? पहिल्या दिवशी मी 'मरतो' ऐवजी 'थकतो' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी 'विश्रांती घेतो' लिहिलं. आठवड्याभरात माझ्या हातून नुसतं 'शेवट गोड, निर्धास्त बघा' एवढंच उमटायला लागलं. खलनायकसुद्धा मी सुधारून घरी पाठवत होतो. दोन महिन्यांत मी अशा किती चिठ्ठ्या लिहिल्या याची गणती नाही, आणि त्या सातही दुकानांत वाटल्या गेल्या.

आमच्या शिंप्याने त्यातली एक कॅसेट नेली. घरी सासू आली होती, तिचा जरा विरंगुळा व्हावा म्हणून. सासूचा मुलगा जहाजावर नोकरीला. सिनेमाही जहाजाचाच. चिठ्ठी माझ्या हातची, 'सगळे सुखरूप घरी येतात, थोरामोठ्यांसह बघावा.' दादा, त्या सिनेमात कोणीही घरी येत नाही. जहाजच येत नाही. शिंपी नंतर सांगत होता की अर्धं जहाज पाण्यात गेलं तरी सासू शांत होती, उलट इतरांनाच धीर देत होती, चिठ्ठीत लिहिलंय ना, येतील, येतील. शेवटी पडद्यावर पाटी आली, नुसतं पाणी राहिलं, तरी सासूबाई म्हणाल्या, अजून थोडी कॅसेट उरली असेल. मुलाचं पत्र येईपर्यंत पाच दिवस त्या घरात चूल पेटली नाही. सहाव्या दिवशी शिंपी गळ्यातल्या टेपसकट दुकानात आला, कॅसेट ठेवली, माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि निघून गेला. त्यानंतर त्याने शिवलेले माझे सगळे शर्ट गळ्याला बोटभर घट्ट होते.

ही बातमी सगळीकडे झाली. हिला कळलं तेव्हा हिने मनगटाला फडकं बांधून त्याच दिवशी पेन हातात घेतलं, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लोक डबी उघडून अक्षर बघायला लागले. हिचं असेल तर न्यायचे, माझं असेल तर हळूच मिटून ठेवायचे. माझ्या अक्षराच्या चिठ्ठ्या वेचून काढायला आम्हाला वर्ष लागलं, आणि तोवर लोकांची शेवट न वाचता सिनेमा बघायची सवय मोडली होती ती मोडलीच, आणि शेवटाची खात्री राहिली नाही म्हटल्यावर त्यांनी सिनेमे बघायचंच सोडलं. मग सीडीच्या चकत्या आल्या, मग सिनेमा लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये आला. दुकानं बंद पडायचं कारण म्हणून मी सगळ्यांना ही चकत्या-फोनची गोष्ट सांगतो आणि सगळे मान डोलावतात. पण मापात पाप कुठे होतं, हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिलं.

आता तुम्ही माझी जुनी पत्रं काढून बसाल. (तुम्ही ती तारखेवार लावून ठेवली असणार याबद्दल मला शंका नाही.) तेव्हा खुलासा आधीच करतो. त्यांत एकही वाक्य खोटं नाही, एवढं तुम्हालाही मान्य करावं लागेल. 'पुलापलीकडच्या दुकानात आता अगदी निवांत असतं' असं मी लिहिलं होतं, ते खरंच होतं, कुलूप लावल्यावर निवांतच असतं. 'बेकरीवाल्याने आपल्या दुकानाला शेजारधर्माने सामावून घेतलं' म्हणजे मधली भिंत पाडून त्याने तिथे भट्टी घातली. 'दवाखान्यासमोर सकाळपासून रांग असते.' असते. औषधांचं दुकान आहे तिथे. शाळेच्या उतारावर मुलांची झुंबड उडते असं कळवलं होतं, ती वह्यांसाठी उडते. नव्या वसाहतीतल्या दुकानाबद्दल मी 'त्याने चांगलंच अंग धरलंय' असं लिहिलं होतं. तिथे आता व्यायामशाळा आहे. आणि 'बसथांब्याजवळचं दुकान रात्रंदिवस उघडं असतं' हे वाचून तुम्ही माझं अभिनंदन केलं होतंत. रस्तारुंदीत त्याचं छप्पर काढलं होतं, दादा. वरून उघडं होतं. ते अभिनंदन मी जपून ठेवलंय, पण त्याकडे बघवत नाही.

दर वेळी ठरवायचो की या पत्रात सांगून टाकू. मग कागद पुढे घेतला की तुम्ही डोळ्यांसमोर यायचात. हातपाय धुऊन, चष्मा पुसून पत्र उघडताय. हात आपोआप गोडाकडे वळायचा. लाज वाटायची, आणि ती लाज पोस्टात टाकून मी घरी यायचो.

उरलं ते पहिलं दुकान, घराची पुढची खोली. आता खरं सांगतो (आणि हे माझ्या नेहमीच्या पद्धतीने नाही, तुमच्या मापाने), तिथे बरं चाललंय. कॅसेट घरी नेणारं कोणी राहिलं नाही, कारण ती लावायचं मशीन कोणाकडे चालू नाही. म्हणून दर मंगळवारी दुपारी चौदा-पंधरा जण आमच्याकडेच येतात. आपापल्या बसायच्या उशा आणतात. मुख्याध्यापिकाबाई पहिल्या खुर्चीत. आधी तुमची बहीण उभी राहून शेवट सांगते, मग त्यावर अर्धा तास चर्चा होते, तो शेवट योग्य की अयोग्य यावर भांडणं होतात, आणि मग सगळे दमले की मी सिनेमा लावतो. निम्मे झोपतात. कोणाचं काही बिघडत नाही, शेवट माहीत असतो. शिंपीही येतो हल्ली. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने दारातून विचारलं, "सांगतंय कोण, तुम्ही की बाई?" बाई म्हटल्यावर चपला काढल्या. मशीन बंद पडलं की कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा येतो आणि मशीनच्या आत डोकं घालून अर्धा सिनेमा तिथेच राहतो. दादा, सात दुकानं होती तेव्हा मी एकाही दुकानात बसलेला नसायचो, सारखा एकातून दुसऱ्यात पळत असायचो. आता मला बसायला मिळतं. मी सुखी आहे हे लिहायला जरा संकोच वाटतो, कारण माझ्या अक्षरात ते कोणी खरं धरत नाही.

तेव्हा या. सातही दुकानं पाहायला चार दिवस लागणार नाहीत, चहा निवेपर्यंत होईल. हे सगळं वाचून येणं रद्द करावंसं वाटलं तर मी काही बोलू शकणार नाही, पण कृपा करून रद्द करू नका. रागावायचंच असेल तर इथे येऊन, समोर बसून रागवा. ऐकून घ्यायला मी घरीच असतो.

आपला, अजूनही असलो तर, लाडका नसलो तरी एकुलता एक मेहुणा

ता. क. हे पत्र लिहायचं खरं कारण वर राहूनच गेलं. मी तुम्हाला असली पत्रं लिहीत होतो हे हिला ठाऊक नाही. दुकान बंद झालं की 'दादांना कळवलंत ना?' असं ती विचारायची, आणि मी 'कळवलं' म्हणायचो. (वरचा खुलासा पाहिलात तर तेही खोटं नाही.) तेव्हा इथे आल्यावर तिच्यासमोर कशाचंही आश्चर्य वाटून घेऊ नका, एवढीच हात जोडून विनंती. पाकीट चिकटवायला तिच्याकडे देतो आहे, कारण डिंक तिच्या कपाटात असतो. दुसऱ्यांची पत्रं वाचायची तिला अजिबात सवय नाही.

ता. क. २. तुमच्याकडचा जुना व्हिडिओ माळ्यावर असेल तर येताना घेऊन या. आमच्या मशीनचा आतला रबरी पट्टा तुटायला आला आहे आणि तुमचा कमी वापरलेला असणार. तुम्ही सिनेमे बघत नाही, हे बरंच झालं.

ता. क. ३. दादा, मी. डिंक लावायच्या आधी वाचलं, नेहमी वाचते. दर रविवारी फोनवर तुला सांगत आले तेच यांनी शेवटी स्वतःच्या हाताने लिहिलंय. (तुला यांचंच तेवढं फोनवर ऐकू येत नाही हे यांना अजून कळलेलं नाही.) सात दुकानांचं लिहून टोचायची तुझी युक्ती कामी आली, तू जिंकलास. पण आता तुझी पाळी आहे. तू चार दिवसांसाठी येत नाहीयेस. तिकडचं घर सोडायचं तू मागच्या महिन्यातच ठरवलंस, सामान बांधून झालंय आणि एकट्याला जेवण जात नाही म्हणून तू कायमचा इकडे येतोयस, हे यांना माझ्याकडून कळणार नाही. तूच लिही. 'वेळ उत्तम जातो' वगैरे न घालता लिही. मागची खोली मी रिकामी केली आहे. कॅसेट का हलवल्या म्हणून यांनी विचारलं तेव्हा उंदीर झालेत म्हणून सांगितलं, तर बिचारे कंबर धरून दोन दिवस पिंजरा लावत बसलेत. बारा तारखेच्या आत लिही, रे. माणूस आत्तापासूनच फाटकाशी जाऊन उभा राहायला लागलाय, तू येणं रद्द केल्याचं पत्र येईल म्हणून.